मितभाषी पहारेकरी

पहाऱ्याची कल्पना मनुष्यजातीइतकीच जुनी आहे. परंतु पहारेकरी म्हटला म्हणजे तो जिवंत असावयाचा, त्यास दोन वेळां अन्न लागावयाचें, आणि जेथें भय आहे तेथें त्यानें स्वतः उभें राहावयाचें, ही अट हजारों वर्षें कोणास चुकली नव्हती. गडाच्या बुरुजावरील चौकीदार, शेतांतील माळ्यावरचा राखणदार, पुराच्या पाण्याची चढउतार न्याहाळीत नदीकांठीं बसलेला नावाडी, हे सारे एकाच वर्गांतले. गेल्या शंभर वर्षांत मात्र ही अट हळूहळू शिथिल होत गेली. आज अशी स्थिति आली आहे कीं, आगपेटीएवढें एखादें यंत्र डोंगराच्या उतारावर, पुलाच्या कमानीखालीं किंवा पक्ष्याच्या बिळांत ठेवून यावें. त्यानें महिनोन्‌महिने तेथील उष्णता, ओलावा, कंप किंवा दाब मोजावा. तें वर्तमान शेजारच्या यंत्रास आणि त्या यंत्रानें आपल्या शेजाऱ्यास कळवीत शेंकडों कोसांवरच्या मनुष्यापर्यंत पोहोंचवावें. आणि यांत कोणास फारसें नवलहि वाटूं नये.

अशा यंत्राचीं अंगें चार. पहिला संवेदक, म्हणजे बाहेरच्या जगांतील फरक विजेच्या फरकांत बदलणारा भाग. दुसरा त्या फरकाचा अर्थ लावणारा चिमुकला संगणक. तिसरा बिनतारी संदेश धाडणारा व घेणारा रेडिओ. आणि चौथी या तिघांस पोसणारी बॅटरी. यांचा इतिहास बहुधा लहान होत गेलेल्या वस्तूंचा इतिहास म्हणून सांगण्यांत येतो. खोलीएवढा संगणक टेबलावर आला, टेबलावरून खिशांत आला, आणि खिशांतून धुळींत मिसळला, अशी ती कथा आहे. ती खोटी नाहीं, पण अपुरी आहे. प्रस्तुत लेखांत हाच इतिहास दोन निराळ्या प्रश्नांच्या अनुरोधानें पाहावयाचा आहे. दुबळ्या यंत्रानें आपली मूठभर शक्ति कशावर खर्चावी, हा पहिला प्रश्न; आणि त्यानें सांगितलेलें ऐकावयास दुसऱ्या टोंकाला कोण बसलें आहे व तो तें कशासाठीं ऐकतो, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर शास्त्रज्ञांनीं फार सुंदर दिलें आहे. दुसऱ्याचें उत्तर अद्यापि आपणां सर्वांकडून यावयाचें आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत वादळाची बातमी वादळापेक्षां हळू चालत असे. तारायंत्र आल्यावर हें प्रथमच उलटें झालें. अमेरिकेंत स्मिथ्सोनियन संस्थेचे जोसेफ हेन्री यांनीं १८४९ पासून तारमास्तरांकडून निरनिराळ्या गांवांच्या हवेचीं वर्तमानें मागविण्यास आरंभ केला. इंग्लंडांत १८५९ च्या ऑक्टोबरांत ‘रॉयल चार्टर’ नांवाचें जहाज वेल्सच्या किनाऱ्यावर वादळांत फुटून चारशेंवर माणसें बुडालीं; आणि त्या धक्क्यानें जागे होऊन ॲडमिरल फिट्झरॉय यांनीं १८६१ त बंदरोबंदरीं तारेनें वादळाचे इशारे धाडण्याची व्यवस्था सुरू केली. डार्विनला ज्या ‘बीगल’ जहाजावरून जगप्रवास घडला, त्याचे कप्तान ते हेच फिट्झरॉय. त्यांच्या अंदाजांवर विद्वानांनीं पुष्कळ टीका केली. १८६५ त त्यांनीं आत्महत्या केली व पुढच्याच वर्षाच्या अखेरीस ते इशारे शास्त्रशुद्ध नाहींत म्हणून बंद करण्यांत आले. परंतु ज्यांचा जीव समुद्रावर होता त्यांनीं ओरड केली, आणि १८६७ त इशारे पुन्हां सुरू करावे लागले. ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. इशारा शंभर टक्के बिनचूक नसला तरी चालेल, पण तो नसणें चालणार नाहीं, असें ज्याच्या डोक्यावर संकट आहे तो म्हणतो. आणि ज्याच्या डोक्यावर तें नाहीं त्यास इशाऱ्यांतील चूकच तेवढी दिसते.

आपल्याकडे १८६४ च्या कलकत्त्याच्या चक्रीवादळानें आणि त्यामागून आलेल्या अवर्षणांनीं सरकारास याच दिशेनें ढकललें, व १८७५ त हिंदुस्थानचें हवामानखातें स्थापन झालें. पुण्यांतील ज्या इमारतीस लोक आजहि ‘सिमला ऑफिस’ म्हणतात, ती याच खात्याची. १९२८ त खात्याचें मुख्य ठाणें सिमल्याहून पुण्यास आलें, तेव्हांपासून तें नांव त्या चौकाला चिकटलें. परंतु या काळापर्यंतच्या सर्व जाळ्यांत एक गोष्ट समान होती. तार यंत्राची असली तरी तिच्या टोंकाशीं बसून पारा वाचणारा मनुष्यच होता. जेथें मनुष्य राहूं शकत नाहीं तेथील वर्तमान येण्याची सोय नव्हती.

ती सोय प्रथम झाली आकाशांत. फुग्याखालीं उपकरणें बांधून वर सोडण्याची युक्ति जुनी होती. पण फुगा फुटून उपकरण कोठें तरी पडावयाचें, तें कोणाला तरी सांपडावयाचें, आणि त्यानें तें परत आणून द्यावयाचें, तेव्हां कोठें वरच्या हवेची हकीकत कळावयाची. १९२९ च्या ७ जानेवारीस फ्रान्समध्यें त्राप येथें रोबेर ब्यूरो यांनीं फुग्याबरोबर एक लहानसा रेडिओ सोडला, आणि त्यानें वर जातां जातांच तेथील हवेचीं मापें खालीं कळविलीं. एक वर्षानें, १९३० च्या ३० जानेवारीस, रशियांत पाव्हलोव्हस्क येथें पाव्हेल मोल्चानोव्ह यांनीं आपलें यंत्र उडविलें. १९३१ त फिनलंडांत व्हिल्हो व्हायसाला यांनीं आपलें. या यंत्रास पुढें ‘रेडिओसोंड’ असें नांव पडलें, आणि १९४० नंतरच्या दशकांत हिंदी हवामानखात्यानेंहि स्वतःचीं रेडिओसोंडें तयार केलीं. आजच्या धूलिकणाएवढ्या यंत्रांची कुळी शोधूं गेल्यास ती येथें येऊन पोहोंचते असें मला वाटतें. तें हलकें असावें, स्वस्त असावें, त्याच्या परतीची आशा धरूं नये, आणि जवळच्या तुटपुंज्या विजेंत त्यानें जें सांगावयाचें तें सांगून घ्यावें, या चारी अटी रेडिओसोंडावर पहिल्यानें लादल्या गेल्या. मनुष्य नसलेल्या ठिकाणाहून यंत्रानें स्वतःच्या तोंडानें बोलण्याचा हा आरंभ होय.

दुसऱ्या महायुद्धांत पाणबुड्यांचा माग काढण्यासाठीं, १९४२ च्या सुमारास, समुद्रांत टाकावयाचीं तरंगतीं यंत्रें निघालीं. विमानांतून तीं पाण्यांत सोडावयाचीं. तीं पाण्याखालचा आवाज ऐकून रेडिओनें विमानास कळवीत. याच यंत्राची जमिनीवरची भावंडें पंचवीस वर्षांनीं व्हिएतनामच्या युद्धांत अवतरलीं, आणि त्या प्रकरणाची हकीकत या सर्व इतिहासांत अत्यंत बोधप्रद आहे.

उत्तर व्हिएतनामांतून दक्षिणेकडे सैन्य व सामुग्री जात असे ती लाओसच्या अरण्यांतून काढलेल्या पायवाटांच्या व रस्त्यांच्या जाळ्यानें. १९६६ त अमेरिकेचे संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनीं शास्त्रज्ञांच्या सल्ल्यावरून या वाटांवर यंत्रांचा पहारा बसविण्याचें ठरविलें. पुढें या योजनेस ‘इग्लू व्हाइट’ असें नांव मिळालें. १९६७ च्या अखेरीपासून विमानांतून हजारों संवेदक त्या रानांत टाकण्यांत आले. कांहीं झाडाला अडकून आवाज ऐकत. कांहीं भाल्याप्रमाणें जमिनींत रुतून बसत व पावलांचा आणि गाड्यांचा कंप टिपीत, आणि त्यांचा वर राहिलेला तारेचा तुरा रानांतल्या झुडुपासारखा दिसेल असा केलेला असे. त्यांचा रेडिओ दुबळा. म्हणून त्यांचें बोलणें पुढें पोहोंचविण्याकरितां वर आकाशांत एक विमान रात्रंदिवस घिरट्या घालीत असे, आणि तें ऐकलेलें सर्व थायलंडांतील नाखोन फानोम येथील केंद्रास कळवी. तेथें आय. बी. एम. चे मोठे संगणक त्या खुणांवरून रस्त्यावर कोठें किती गाड्या असाव्यात याचा हिशेब करीत, आणि त्या हिशेबाबरहुकूम बाँब टाकणारीं विमानें निघत.

कागदावर ही योजना निर्दोष दिसे. परंतु संवेदकांच्या बॅटऱ्या कांहीं आठवड्यांतच संपत, आणि त्यांच्या जागीं पुन्हां पुन्हां नवे टाकावे लागत. याहून मोठा दोष होता तो ऐकणाराच्या बाजूस. जमिनीच्या कंपावरून गाडी गेली हें कळे. ती कोणाची, तींत काय आहे, आणि बाँब पडल्यावर तिचें काय झालें, हें कळत नसे. तरीहि केंद्रांतून नष्ट झालेल्या गाड्यांचे एवढे मोठे आंकडे प्रसिद्ध होत कीं, खुद्द अमेरिकन अधिकाऱ्यांतच ते खरे मानण्यास पुष्कळजण तयार नसत. १९७२ च्या ३० मार्चला उत्तर व्हिएतनामी फौजा रणगाडे व तोफा घेऊन दक्षिणेवर चालून आल्या, तेव्हां त्या पहाऱ्यानें काय अडविलें याचा निकाल आपोआपच लागला. यंत्रानें जें मोजलें तें खरें होतें. त्यावरून मनुष्यानें जें मानून घेतलें तें खरें नव्हतें. शिवाय ज्यांच्यावर पहारा होता त्यांस त्या मापनांत कंपापलीकडे कांहींच अस्तित्व नव्हतें, ही गोष्ट नैतिक दृष्टीनें दृष्टिआड करतां येत नाहीं.

या यंत्रांत आणि आजच्या यंत्रांत एक मूलभूत भेद आहे. तीं एकमेकांशीं बोलत नसत. प्रत्येक जण आकाशाकडे तोंड करून आपलेंच गाऱ्हाणें सांगे. शेजाऱ्यांनीं आपसांत बोलावें, याची विद्या दुसरीकडून आली. हवाई बेटांवरील विद्यापीठांत नॉर्मन अब्राम्सन व त्यांचे सहकारी यांनीं १९७१ त निरनिराळ्या बेटांवरचे संगणक बिनतारीनें जोडले आणि त्या योजनेस ‘अलोहा’ हें तेथील स्वागताचें नांव दिलें. तिचा नियम अगदीं सोपा होता: ज्याला बोलावयाचें असेल त्यानें बोलावें, दोघे एकदम बोलल्यामुळें गोंधळ झाला तर प्रत्येकानें थोडा वेळ थांबून, मनास येईल तितका, पुन्हां बोलावें. गणितानें असें निघतें कीं या पद्धतींत मार्गाचा फार तर १८ टक्क्यांच्या आसपास उपयोग होतो. आणि बोलण्याच्या वेळा ठराविक पायऱ्यांनीं बांधून दिल्या तर तो सुमारें ३७ टक्क्यांवर जातो. केवळ वेळ पाळल्यानें उपयोग दुप्पट व्हावा, हा सिद्धान्त आमच्या सभासंमेलनांच्या चालकांनींहि ध्यानांत घेण्यासारखा आहे. पुढें १९७८ त पिट्सबर्ग येथील कार्नेगी-मेलन विद्यापीठांत, विखुरलेल्या संवेदकांनीं एकमेकांच्या साहाय्यानें एकच वस्तु ओळखावी कशी, या विषयावर विद्वानांची बैठक भरली. विचार तयार होता, परंतु यंत्रें अद्यापि मोटारींतून वाहून न्यावीं लागत.

यंत्रें लहान झालीं तीं १९९० नंतर. १९९७ त कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठाचे प्राध्यापक क्रिस्तोफर पिस्टर यांनीं अमेरिकन संरक्षणखात्याच्या संशोधनसंस्थेपुढें एक योजना मांडली. संवेदक, संगणक, संदेशसाधन व वीज हीं चारी अंगें मिळून एक घन मिलिमीटरांत बसवावयाचीं, आणि अशीं यंत्रें धुळीसारखीं उधळावयाचीं! तिचें नांवहि त्यांनीं ‘शहाणी धूळ’ अशा अर्थाचें ठेविलें. यांतल्या एकेका यंत्रास ते लोक ‘मोट’ म्हणूं लागले. इंग्रजींत या शब्दाचा अर्थ धूलिकण. विहिरीचें पाणी ओढणारी आपली मोट आणि ही मोट यांचें नातें कांहीं नाहीं. मात्र दोघींनाहि थोडथोडें करूनच काम उरकावें लागतें.

धुळीएवढें यंत्र लागलीच झालें नाहीं. २००२ त त्याच विद्यापीठांत १६ घन मिलिमीटरांचें, सूर्यप्रकाशावर चालणारें यंत्र तयार झालें. मिशिगन विद्यापीठांत २०११ त डोळ्यांतील दाब मोजण्यासाठीं सुमारें एक घन मिलिमीटराचें झालें. प्रत्यक्ष कामास आलीं तीं मात्र दोन पेन्सिल सेलांवर चालणारीं, मुठींत मावणारीं यंत्रें. त्यांच्याकरितां बर्कलींतील डेव्हिड कलर, जेसन हिल प्रभृति मंडळींनीं ‘टायनी ओ. एस.’ नांवाची कार्यप्रणाली रचली. २००० सालीं त्यांनीं जाहीर केलेली ही प्रणाली अवघ्या १७८ बाइटांत बसत असे. या परिच्छेदाच्या पहिल्या तीन वाक्यांस देखील याहून अधिक जागा लागेल! २००१ च्या मार्चमध्यें कॅलिफोर्नियाच्या वाळवंटांत एका लहानशा वैमानिकरहित विमानांतून अशीं सहा यंत्रें रस्त्याच्या कडेला टाकण्यांत आलीं. त्यांनीं आपापलीं घड्याळें जुळवून घेतलीं, जवळून गेलेल्या वाहनांमुळें पृथ्वीच्या चुंबकत्वांत पडलेला फरक टिपला, त्यावरून वाहनाची दिशा व वेग काढला, आणि विमान परत आल्यावर त्यास तो सांगितला. व्हिएतनामांत ज्या कामास मोठालीं विमानें व प्रचंड संगणक लागले, त्याचाच हा लहान मुलांच्या खेळाएवढा अवतार होता.

आतां त्या काटकसरीकडे वळूं. अशा यंत्राच्या दोन सेलांत साधारण अडीच हजार मिलिअँपिअर-तास इतकी वीज असते असें धरूं. रेडिओ उघडा असतां यंत्र सुमारें २० मिलिअँपिअर वीज खातें. म्हणजे तें सतत जागें राहिल्यास १२५ तासांत, पांच दिवसांच्या थोडेंसें पुढें, त्याचा कारभार आटोपला. परंतु त्यास शंभरांतील ९९ भाग वेळ झोंपविलें तर तेंच यंत्र वर्षाहून अधिक जगतें. आणखी एक चमत्कार असा कीं, या यंत्रांस बोलण्याइतकाच ऐकण्यासहि खर्च येतो. कोणी बोलत नसतांनाहि कान उघडे ठेवून बसणें, यांतच बहुतेक शक्ति व्यर्थ जाते. म्हणून सर्वांनीं ठरल्या क्षणीं डोळे उघडावे, चार शब्दांची देवघेव करावी, आणि पुन्हां मिटावे, अशी शिस्त घालून देण्यांत आली. विचार करणें मात्र फार स्वस्त: एक बिट रेडिओनें धाडण्यास जेवढी वीज लागते, तेवढींत संगणकाच्या सुमारें आठशें ते हजार क्रिया होतात. तेव्हां सर्व मापें कच्चीं धाडण्यापेक्षां जागच्या जागीं विचार करून सार तेवढें कळवावें, हाच शहाणपणा ठरला. आधीं विचार, मग शब्द, हा उपदेश आपल्या संतांनीं व नीतिकारांनीं शतकानुशतकें केला. यंत्रांनीं तो मानला, कारण न मानणाऱ्या यंत्राचा पांच दिवसांत अंत होतो.

या शिस्तीची पहिली मोठी कसोटी एका निर्जनप्राय बेटावर लागली. अमेरिकेच्या मेन संस्थानाच्या किनाऱ्याबाहेर ग्रेट डक आयलंड नांवाचें २३७ एकरांचें बेट आहे. तेथें पेट्रेल जातीचे लहान सागरी पक्षी जमिनींत बिळें करून अंडीं घालतात. समुद्रावरून ते रात्रींच घरीं येतात, म्हणून त्यांचें निरीक्षण अवघड. त्यांतून पक्षिशास्त्रज्ञांस असें ठाऊक होतें कीं, सागरी पक्ष्यांच्या वसाहतींत मनुष्याची नुसती भेटहि घातक असते. पाणकावळ्यांच्या वसाहतींत पाव तास फिरून आल्यानें त्या हंगामांतील अंडीं व पिलें मिळून वीस टक्क्यांपर्यंत नाश होऊं शकतो, आणि उबवणीच्या पहिल्या पंधरवड्यांत त्रास झाला तर पेट्रेल पक्षी बीळच सोडून जातात. पाहणाराच्या पाहण्यानें पाहावयाची वस्तुच नाहींशी व्हावी, असा हा पेंच होता. २००२ च्या उन्हाळ्यांत इंटेल कंपनीच्या बर्कलींतील प्रयोगशाळेनें व बार हार्बर येथील कॉलेज ऑफ द अटलांटिकनें तेथें ३२ यंत्रें बसविलीं. पक्षी येण्याच्या आधींच तीं बिळांत ठेवावयाचीं आणि मग मनुष्यानें पाऊल टाकावयाचें नाहीं. बिळांतील उष्णता व ओलावा, आणि पक्ष्याच्या अंगची ऊब, एवढ्यावरून पक्षी घरीं आहे कीं नाहीं हें समजे. आणि तें वर्तमान उपग्रहाच्या वाटेनें दूरच्या अभ्यासकांपर्यंत जाई. चार महिन्यांत दहा लाखांहून अधिक नोंदी जमल्या. पुढील वर्षीं यंत्रांची संख्या सुमारें दीडशें झाली.

यांत अडचणी कांहीं कमी आल्या नाहींत. समुद्राचें धुकें यंत्रांत शिरे, आणि मग तीं शंभर टक्क्यांहूनहि अधिक आर्द्रता सांगूं लागत! अशी बाष्कळ बडबड सुरू झाली कीं तें यंत्र लवकरच मरणार, हें संशोधकांच्या ध्यानांत आलें. म्हणजे चुकीचें माप देखील वाचणारा जाणता असला तर उपयोगी पडतें. एकच युक्ति, जी व्हिएतनामच्या रानांत माणसांना हेरण्याकरितां वापरली गेली, ती येथें पक्ष्याला एकटें सोडण्याकरितां कामास आली, हें मला या सर्व इतिहासांतील सर्वांत समाधानाचें पान वाटतें.

दुसरी कसोटी २००५ च्या ऑगस्टांत दक्षिण अमेरिकेंतील एक्वाडोरच्या रेव्हेंतादोर नांवाच्या जागृत ज्वालामुखीवर झाली. हार्वर्ड विद्यापीठाच्या मंडळींनीं तेथील भूभौतिक संस्थेच्या साहाय्यानें डोंगराच्या अंगावर तीन किलोमीटरांच्या रांगेंत १६ यंत्रें ठेवलीं. भूकंपाच्या लहरी सेकंदास शंभर वेळां मोजाव्या लागतात. एवढें सारें सतत धाडणें अशक्य. म्हणून प्रत्येक यंत्र आपल्याशींच मोजी, कांहीं विशेष घडलेंसें वाटलें तर एवढेंच कळवी कीं ‘मला कांहीं जाणवलें’. आणि पुरेशा यंत्रांनीं एकाच सुमारास तसें म्हटलें, तरच केंद्र त्या सर्वांकडून मागल्या मिनिटाची पुरी हकीकत मागवी. एका पंचाच्या शब्दावर निकाल द्यावयाचा नाहीं, अनेकांनीं दुजोरा दिला तरच गोष्ट विचारांत घ्यावयाची, हा तर आपल्या गांवपंचायतीचाच न्याय झाला. एकोणीस दिवस हा प्रयोग चालला. राख, पाऊस व हादरे सोसणारीं डोंगरावरचीं यंत्रें बहुतांशीं टिकलीं. घात केला तो खालच्या ठाण्यानें: तेथील वीज वरचेवर जाई, आणि ऐकणाराच गप्प झाल्यामुळें वरच्यांचें बोलणें वायां जाई.

यानंतरचा इतिहास प्रयोगशाळेंतून बाजारांत येण्याचा आहे. २००३ त अशा मंदगति, अल्पशक्ति रेडिओंसाठीं सर्वमान्य नियम ठरले. त्यांचा वेग सेकंदास अडीच लाख बिट, आणि एका वेळीं बोलावयाची मर्यादा १२७ बाइट. त्यांवर उभारलेल्या ‘झिगबी’ या पद्धतीचें नांव मधमाशांच्या नागमोडी नाचावरून घेतलें, असें सांगतात. पुढें फ्रान्समधील ग्रनोबल येथील एका लहानशा कंपनींत ‘लोरा’ ही पद्धति निघाली. तिच्या योगानें थेंबभर विजेवर कित्येक किलोमीटर संदेश जातो. आपल्या देशांत ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्‌झचा पट्टा अशा यंत्रांस परवान्याशिवाय खुला आहे. शेतांतील ओलावा, धरणांतील पाणी, शहरांतील हवा, घरांतील विजेचा मीटर, या सर्वांवर आज असे पहारेकरी बसले आहेत. येथें दुसरा प्रश्न पुन्हां उभा राहतो. घरांत वीज केव्हां लागते व केव्हां थांबते यावरून कुटुंब केव्हां उठतें, केव्हां निजतें आणि केव्हां गांवीं जातें हें ओळखतां येतें. ही माहिती कोणाच्या हातीं जावी, याचा निर्णय यंत्र करणार नाहीं. तो समाजानें व कायद्यानें केला पाहिजे.

महाराष्ट्रास तर या प्रश्नाचा आणखीहि एक जिव्हाळ्याचा पैलू आहे. २०१४ च्या ३० जुलैस पुणें जिल्ह्याच्या आंबेगांव तालुक्यांतील माळीण हें गांव पहाटेच्या वेळीं डोंगराखालीं गाडलें गेलें व दीडशेंच्या वर माणसें दगावलीं. ही वार्ता जगास कळविली कोणी? नेहमींप्रमाणें गाडी घेऊन आलेल्या एस. टी. च्या चालकास जेथें गांव असावयाचें तेथें गांव दिसेना, आणि त्यानें तें वरिष्ठांस कळविलें! ज्या युगांत निर्जन बेटावरील पक्ष्याच्या बिळाची ऊब खंडापलीकडे कळते, त्याच युगांत एका सबंध गांवाचा अंत सकाळच्या गाडीनें कळावा, या विसंगतीचा विचार सुज्ञांनीं करावा. पुढें २०२१ च्या जुलैंत महाड तालुक्यांत तळिये आणि २०२३ च्या जुलैंत खालापूर तालुक्यांत इर्शाळवाडी येथें तोच प्रकार झाला. इर्शाळवाडी धोक्याच्या गांवांच्या यादींत नव्हती, असें त्या वेळीं सरकारतर्फे सांगण्यांत आलें.

यावर उपायच नाहीं असें नाहीं. केरळांत मुन्नार येथील एका डोंगरउतारावर अमृता विद्यापीठाच्या संशोधकांनीं जमिनींत खोल भोंकें पाडून त्यांत पाण्याचा दाब, ओलावा व उताराचें कलणें मोजणारे संवेदक उतरविले. दरड कोसळण्यापूर्वीं मातीच्या कणांमधील पाण्याचा दाब वाढत जातो, मातीची पकड सुटत जाते, आणि उतार सूक्ष्म रीतीनें कलूं लागतो. हीच ती मोजण्याजोगी पूर्वसूचना. तेथील मापें बिनतारीनें डोंगराच्या पायथ्याशीं आणि तेथून उपग्रहामार्गें विद्यापीठांत जातात. विद्या आपल्याच देशांत आहे, आणि तिचा प्रयोग झालेला आहे.

परंतु केवळ यंत्रें विकत घेऊन हा प्रश्न सुटेल असें ज्यास वाटत असेल, त्यानें वर सांगितलेल्या हकीकती पुन्हां आठवाव्या. यादींत नसलेल्या डोंगरावर यंत्र बसणार नाहीं. म्हणून यादी करणाराचें लक्ष हाच पहिला संवेदक. दुसऱ्या पावसाळ्यापूर्वीं सेल बदलण्यास कोणी आलें नाहीं, तर यंत्र मुकाट्यानें मरेल आणि त्याचें मौन हें क्षेम असें समजण्यांत येईल. मध्यरात्रीं इशारा आला, तर तो तहसीलदारापासून पोलीस-पाटलापर्यंत आणि पोलीस-पाटलापासून शेवटच्या घरापर्यंत किती मिनिटांत पोहोंचतो, आणि त्या घरांतील माणसांनीं मुलेंबाळें व जनावरें घेऊन भर पावसांत जावयाचें कोठें, याची तजवीज आधींच असली पाहिजे. दोनदां इशारा होऊन दरड आली नाहीं म्हणून तिसऱ्यांदा लोक हसतील. त्या वेळीं फिट्झरॉयच्या इशाऱ्यांवर विद्वान हसले असतां नावाडी कां हसले नाहींत, हें त्यांना समजावून सांगणारा कोणी विश्वासाचा मनुष्य गांवांत असावा लागेल.

शंभर वर्षांच्या उद्योगानें मनुष्यानें असा पहारेकरी निर्माण केला कीं जो अन्न मागत नाहीं, थकत नाहीं, आणि कामापुरतेंच बोलतो. त्याच्या मितभाषणाचें रहस्य हें कीं, आपले थोडे शब्द ऐकण्यास कोणी तरी जागा आहे असें तो धरून चालतो. तेवढें जागें राहण्याचें काम त्यानें आपल्याकडे सोंपविलें आहे. आणि सह्याद्रीच्या कुशींत पावसाळी रात्रीं निजणाऱ्या वाड्यावस्त्यांपुरतें बोलावयाचें तर, तें आपण अद्यापि नीट पार पाडलेलें नाहीं.